माफीची किंमत

काही वर्षांपूर्वी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक जुना अमेरिकन युद्धपट पाहण्याचा योग आला. ‘द डर्टी डझन : नेक्स्ट मिशन’ हे त्याचे नाव. एन. बी. सी. या अमेरिकन प्रक्षेपण कंपनीने तो फेब्रुवारी १९८५ मध्ये प्रथम दाखविला. चित्रपटगृहासाठी नव्हे, तर घरच्या बैठकीत बसलेल्या प्रेक्षकांसाठीच तो तयार करण्यात आला होता. दिग्दर्शक होते अँड्र्यू मॅक्लॅग्लेन आणि नायक होता ली मार्विन. वय साठीच्या पुढे गेलेला, केस पांढरे झालेला, परंतु डोळ्यांतली जरब तशीच राखून असलेला.

कथानक थोडक्यात असे आहे. १९४४ साल. दोस्तांच्या सेना फ्रान्समध्ये उतरलेल्या आहेत. अशा वेळी दोस्तांच्या हेरखात्याला बातमी लागते की, झेप डीट्रिख नावाचा एक जर्मन सेनापती खुद्द हिटलरच्याच हत्येचा कट करीत आहे. ही बातमी ऐकून दोस्तांना आनंद व्हावा, पण घडते ते उलटेच. हिटलरच्या हेकेखोर सेनापतित्वामुळे जर्मनी लवकर हरणार आहे. त्याच्या जागी एखादा जाणता सेनानी आला तर युद्ध लांबेल. म्हणून हिटलर जगला पाहिजे आणि त्याला मारू पाहणारा मेला पाहिजे, असा हिशेब वरिष्ठ मांडतात. हे काम मेजर रायझमन याच्यावर सोपविले जाते आणि त्यासाठी त्याला माणसे मिळतात ती लष्करी तुरुंगातली : कुणी फाशीची वाट पाहणारा, कुणी दीर्घ मुदतीची सजा भोगणारा. मोहिमेवर जाऊन जिवंत परत आलात तर माफी, असा सौदा त्यांच्यापुढे ठेवण्यात येतो.

चित्रपट काही थोर नव्हे. गोळीबार भरपूर आणि विचार बेताचा, अशा जातीचा तो आहे. परंतु तो संपल्यावर त्यातला तो सौदा मात्र माझ्या मनातून जाईना. ज्या माणसाला समाजाने जगावयास नालायक ठरविले, तोच माणूस समाजासाठी मरावयास लायक कसा ठरतो? त्याने दाखविलेल्या धैर्याने त्याचा गुन्हा धुऊन निघतो काय? आणि असा सौदा इतिहासात खरोखरी कोणी, कोणाशी आणि केव्हा केला? श्रोतेहो, आज या प्रश्नांच्या मागोमाग थोडे जावे असा विचार आहे.

प्रथम या कथेचे मूळ पाहू. हा दूरचित्रवाणीपट १९६७ साली निघालेल्या ‘द डर्टी डझन’ या गाजलेल्या चित्रपटाचा पुढील भाग होय. रॉबर्ट आल्ड्रिच यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या पहिल्या चित्रपटात बारा कैदी नॉर्मंडीच्या चढाईपूर्वी फ्रान्समध्ये उतरून जर्मन अधिकाऱ्यांनी भरलेल्या एका गढीवर छापा घालतात आणि बारांपैकी एकच जिवंत परततो. त्या चित्रपटाला आधार होता ई. एम. नेथन्सन यांच्या १९६५ सालच्या कादंबरीचा. आता कादंबरीला आधार कशाचा? तर एका ऐकीव गोष्टीचा. युद्धकाळात लष्करी छायाचित्रकार असलेल्या आणि पुढे चित्रपट-दिग्दर्शक झालेल्या रस मेयर यांनी नेथन्सन यांना सांगितले होते की, फाशीची शिक्षा झालेल्या काही अमेरिकन सैनिकांना गुप्त कामगिरीसाठी तयार करण्यात येत होते. नेथन्सन यांनी या गोष्टीचा माग काढण्याचा बराच प्रयत्न केला; सरकारी दप्तरे धुंडाळली; पण पुरावा म्हणून हाती काही लागले नाही. तेव्हा त्यांनी इतिहास लिहिण्याचा नाद सोडला आणि कादंबरी लिहिली.

या कथेचे दुसरे एक मूळ पुष्कळदा सांगण्यात येते. अमेरिकेच्या १०१ व्या छत्रीधारी डिव्हिजनमध्ये सुरुंग लावून पूल उडविणाऱ्यांची एक छोटी तुकडी होती. तिला तिचे सोबती ‘फिल्दी थर्टीन’, म्हणजे घाणेरडे तेराजण, असे म्हणत. जेक मॅक्नीस हा तिचा म्होरक्या. ही मंडळी दाढीआंघोळीची फिकीर करीत नसत, वरिष्ठांना सलाम ठोकण्याचा त्यांना कंटाळा, आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उडी घेण्यापूर्वी डोक्याचा मध्यभाग तेवढा राखून बाकीचे केस त्यांनी भादरले आणि तोंडावर रेड इंडियन योद्ध्यांप्रमाणे पट्टे ओढले. त्यांची छायाचित्रे जगभर गेली. परंतु हे तेराजण कैदी नव्हते. शिस्तीला जुमानीत नसत एवढाच त्यांचा अपराध. फाशीचा दोर त्यांच्यापैकी कोणाच्याही मानेवर लोंबत नव्हता. लोकांनी मात्र एकीकडची आवई आणि दुसरीकडचे छायाचित्र यांची सांगड घातली, आणि त्यातून एक दंतकथा तयार झाली.

मग खरोखरी फाशीची शिक्षा झालेल्या अमेरिकन सैनिकांचे काय झाले? याचे उत्तर इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील शेप्टन मॅलेट या गावच्या जुन्या तुरुंगात मिळते. १९४३ ते १९४५ या काळात हा तुरुंग अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होता आणि तेथे १८ अमेरिकन सैनिकांना देहान्त शासन झाले : १६ जणांना फाशी आणि दोघांना गोळ्या घालून. खून आणि बलात्कार हे त्यांच्यावरील आरोप. त्यांच्यापुढे कोणी मेजर नकाशा घेऊन आला नाही की मोहिमेचा सौदा घेऊन आला नाही. या अठरांपैकी दहा जण कृष्णवर्णीय होते, आणि अमेरिकेच्या त्या वेळच्या सैन्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण दशांशाच्या आसपासच होते, ही गोष्ट त्या तुरुंगाच्या भिंतीवर लिहिलेली नसली तरी विसरण्याजोगी नाही.

परंतु या संदर्भात मला सर्वांत अधिक बोलका वाटतो तो एडी स्लोविक या शिपायाचा वृत्तान्त. हा डेट्रॉइटचा राहणारा. लहानपणापासून भुरट्या चोऱ्या, किरकोळ अफरातफर, त्यापायी तुरुंगाच्या वाऱ्या. १९४२ साली तो सुटला, कामाला लागला, लग्न केले आणि संसार मांडला. युद्ध सुरू झाले तेव्हा लष्कराने त्याला सैन्यभरतीस अपात्र ठरविले होते. कारण तो सजा भोगलेला होता आणि अशी माणसे सैन्यात नकोत असा नियम होता. पुढे माणसांची टंचाई जाणवू लागली, नियम सैल झाला आणि हाच स्लोविक पात्र ठरला. जानेवारी १९४४ मध्ये त्याला भरतीचे बोलावणे आले. तो काही धीट नव्हता. फ्रान्समध्ये पोहोचल्यावर पहिल्याच तोफांच्या माऱ्यात त्याचे अवसान गळाले. पुढच्या फळीवर पाठविले तर मी पळून जाईन, असे त्याने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिले. हा कागद फाडून टाक आणि मुकाट्याने पलटणीत जा, असे अधिकाऱ्यांनी त्याला सांगून पाहिले. त्याने ऐकले नाही. तुरुंग त्याच्या ओळखीचा होता. फार तर पुन्हा तुरुंगात जाऊ, असे त्याला वाटले असावे.

११ नोव्हेंबर १९४४ रोजी लष्करी न्यायालयाने त्याला देहान्ताची शिक्षा सांगितली. सेनापती आयझेनहॉवर यांनी ती २३ डिसेंबर रोजी कायम केली, आणि ३१ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समधील सेंत-मारी-ओ-मीन या डोंगराळ गावी बर्फाने भरलेल्या अंगणात त्याच्याच डिव्हिजनच्या बंदूकधाऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याचे वय तेव्हा २४ वर्षांचे होते. त्या महायुद्धात पळपुटेपणाच्या आरोपावरून २१ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक दोषी ठरले. त्यांतल्या ४९ जणांना देहान्ताची शिक्षा सुनावण्यात आली. आणि अमलात आली ती एकाचीच. स्लोविकला आणि त्याच्यासारख्या इतरांना फ्रान्समधील एका अमेरिकन युद्धस्मशानाच्या निराळ्या, भिंतीआडच्या तुकड्यात पुरण्यात आले. तेथील दगडांवर नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. स्लोविकचे अवशेष १९८७ मध्ये मायदेशी नेण्यात आले.

योगायोग असा की, स्लोविकवरही एक दूरचित्रवाणीपट निघाला. १९७४ साली एन. बी. सी. या त्याच कंपनीने तो दाखविला आणि मार्टिन शीन याने स्लोविकची भूमिका केली. अकरा वर्षांच्या अंतराने त्याच पडद्यावर दोन कैदी-सैनिक येऊन गेले : एक तुरुंगातून निघून वीर झालेला, आणि दुसरा भीतीने थिजून भिंतीशी उभा राहिलेला. पहिला कल्पित होता, दुसरा खरा.

आता त्या युद्धपटातील सेनापतीकडे वळू. झेप डीट्रिख हे काल्पनिक पात्र नव्हे. हिटलरचा तो जुना अंगरक्षक; शिक्षण बेताचे, निष्ठा मोठी. १६ डिसेंबर १९४४ रोजी आर्डेनच्या अरण्यातून जर्मनांनी जी अखेरची मोठी चढाई केली, तिच्यातील सहाव्या पँझर सेनेचे आधिपत्य याच्याकडे होते. त्याच चढाईत मालमेदीजवळ शरण आलेल्या अमेरिकन सैनिकांची कत्तल झाली. स्लोविकच्या शिक्षेवर शिक्कामोर्तब झाले ते याच चढाईच्या धामधुमीत, हेही येथे ध्यानात घ्यावे. युद्धानंतर १९४६ साली डीट्रिखला मालमेदीच्या प्रकरणी जन्मठेपेची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली, आणि १९५५ मध्ये तो सुटला. त्यानंतर १९३४ सालच्या हत्यांबद्दल त्याला आणखी अल्प मुदतीची सजा झाली हे खरे. परंतु तीही आटोपून तो घरी परतला आणि १९६६ साली आपल्या घरी मरण पावला.

म्हणजे पाहा, ज्याला मारण्यासाठी चित्रपटातील कैदी निघतात, तो स्वतःच पुढे कैदी झाला. आणि त्याच्या शिक्षेत सूट मिळाली ती कोणत्याही जिवावरच्या मोहिमेवर न जाता! राजकारणाचे वारे फिरले होते, जर्मनी आता मित्रराष्ट्र व्हावयाचे होते, एवढे कारण त्याला पुरले. माफीचा बाजार कसा चालतो हे समजून घ्यावयाचे असेल तर स्लोविक आणि डीट्रिख या दोघांची खाती शेजारी शेजारी मांडून पाहावीत.

त्या चित्रपटातील दुसरी एक गोष्ट मात्र वाटते तेवढी अतर्क्य नाही. हिटलरला जगू द्यावे, हा तो विचित्र हिशेब. १९९८ साली ब्रिटनच्या सरकारी दप्तरखान्याने काही गुप्त कागद खुले केले. त्यांवरून असे दिसून आले की, १९४४ मध्ये ब्रिटिशांच्या गुप्त कारवाया करणाऱ्या खात्याने हिटलरला त्याच्या डोंगरावरील निवासस्थानाजवळ, सकाळच्या फेरफटक्याच्या वेळी, नेमबाजाकरवी टिपण्याचा बेत आखला होता. ‘फॉक्सली’ हे त्या बेताचे सांकेतिक नाव. त्याच खात्यातील काही अधिकाऱ्यांनी मात्र त्यास विरोध केला. हिटलर सेनापती म्हणून इतक्या चुका करतो की तो जिवंत राहण्यातच आपला लाभ आहे, असे त्यांचे म्हणणे. बेत अमलात आला नाही. पटकथा लिहिली गेली तेव्हा हे कागद कुलपात होते. तरीही लेखकाची कल्पना आणि दप्तरातली वस्तुस्थिती एकमेकींना भेटली.

येथवर आपण पाहिले ते असे की, अमेरिकेने बारा कैद्यांची मोहीम काढली असल्याचा पुरावा नाही. याचा अर्थ कैद्यांच्या पलटणी इतिहासात झाल्याच नाहीत असा नव्हे. त्या झाल्या, मोठ्या संख्येने झाल्या. आणि ज्या देशांचा श्वास कोंडला त्या देशांत विशेष झाल्या. प्राचीन रोमचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ख्रिस्तपूर्व २१६ मध्ये कानीच्या रणांगणावर हानिबलने रोमन सैन्याचा फडशा पाडला, तेव्हा रोमने गुलामांना शस्त्रे दिलीच, शिवाय गुन्हेगार आणि कर्जापायी बंदीत पडलेले मिळून ६ हजार लोक मोकळे करून त्यांच्याही हाती भाले दिले. नगराच्या वेशीवर शत्रू येईपर्यंत मात्र त्यांच्या लायकीचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता.

विसाव्या शतकात याच गोष्टीला आदेशाचे, कलमांचे आणि रकान्यांचे रूप आले. २८ जुलै १९४२ रोजी स्टालिनने २२७ क्रमांकाचा सुप्रसिद्ध हुकूम काढला. एक पाऊलही मागे नाही, हा त्याचा आशय. त्या हुकुमान्वये अपराधी अधिकाऱ्यांसाठी दंड-पलटणी आणि साध्या शिपायांसाठी दंड-कंपन्या उभारण्यात आल्या. मुदत एक ते तीन महिने. मुदत पुरी झाली अथवा अंगाला जखम झाली, म्हणजे अपराध रक्ताने धुऊन निघाला असे समजून त्याला पूर्वीच्या हुद्द्यावर परत घ्यावयाचे. नंतर प्रसिद्ध झालेल्या रशियन आकड्यांनुसार युद्धकाळात सुमारे ४ लाख २८ हजार माणसे या तुकड्यांतून गेली, आणि १९४४ मध्ये त्यांतील हानीचे प्रमाण नेहमीच्या सैन्याच्या तीन ते सहा पट होते. सुरुंग पेरलेल्या भूमीवर, मजबूत मोर्चांसमोर, पहिला हल्ला यांचा. त्याखेरीज श्रमछावण्यांतून सोडून सामान्य पलटणींत पाठविलेल्या कैद्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास जाते.

यावरही दूरचित्रवाणीने आपली कथा रचली. २००४ साली रशियात ‘श्त्राफबात’ नावाची ११ भागांची मालिका दाखविण्यात आली आणि ती अतिशय लोकप्रिय झाली. तीत चोर, राजकीय बंदी, शिक्षा झालेले अधिकारी असे सारे एकाच पलटणीत आहेत आणि त्यांचा नायकही त्यांच्यासारखाच एक शिक्षा झालेला माणूस आहे. इतिहासकारांनी आणि त्या तुकड्यांतून लढलेल्या वृद्ध अधिकाऱ्यांनी या चित्रणावर आक्षेप घेतला : अधिकाऱ्यांच्या दंड-पलटणीत चोरदरोडेखोर नसत, आणि त्यांचे नायक नेहमीचे, नेमणुकीचे सेनाधिकारी असत. आक्षेप योग्यच होता. परंतु लोकांना जे पाहावयाचे असते ते नियमावलीत नसते. अमेरिकेत काय किंवा रशियात काय, समाजाने टाकलेला माणूस समाजाला वाचवितो, या कथेची ओढ सारखीच आहे.

जर्मनीत काय घडले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. कारण तेथे या एकाच प्रथेची दोन टोके दिसतात. नाझी कायद्यानुसार सक्तमजुरीची शिक्षा झालेला माणूस शस्त्र धारण करण्यास अपात्र समजला जाई. हे अपात्र पुढे माणसे कमी पडू लागताच पात्र झाले. १९४२ च्या उत्तरार्धात ९९९ क्रमांकाच्या तुकड्या उभारण्यात आल्या आणि त्यांत साधे गुन्हेगार तर घातलेच, पण हिटलरच्या विरोधात गेले म्हणून तुरुंगात पडलेले कितीतरी राजकीय बंदीही घालण्यात आले.

अशांपैकीच एक होते फाल्क हार्नाक. त्यांचे ज्येष्ठ बंधू आर्व्हिड यांना नाझींनी १९४२ साली फाशी दिले होते. ‘श्वेत गुलाब’ या विद्यार्थीगटाच्या खटल्यात १९४३ मध्ये फाल्क यांच्यावरही आरोप होता. ते आश्चर्यकारकरीत्या निर्दोष सुटले. परंतु थोड्याच महिन्यांत त्यांची रवानगी ९९९ च्या दंड-तुकडीत होऊन ते ग्रीसमध्ये गेले. तेथे डिसेंबर १९४३ मध्ये त्यांना पुन्हा पकडून छळछावणीत धाडावयाचे ठरले, तेव्हा ते निसटले आणि ग्रीक देशभक्त बंडखोरांना जाऊन मिळाले. आपल्याच देशाच्या जुलमी सत्तेविरुद्ध ते लढले. युद्धानंतर ते चित्रपट-दिग्दर्शक झाले आणि १९५५ साली त्यांनी ‘डेअर त्स्वान्त्सिग्स्टे यूली’ हा चित्रपट काढला. २० जुलै १९४४ रोजी हिटलरला मारण्याचा जो प्रयत्न जर्मन अधिकाऱ्यांनी केला, त्याचीच ती कथा होय. पुढे ते जर्मन दूरचित्रवाणीसाठीही काम करीत राहिले. दंड-तुकडीत पडलेला एक खराखुरा सैनिक, हिटलर-हत्येच्या खऱ्याखुऱ्या कटावर चित्रपट काढतो! त्या अमेरिकन युद्धपटाहून ही सत्यकथा कितीतरी अधिक नाट्यमय नाही काय?

आणि हे झाले एक टोक. दुसऱ्या टोकाला डिर्लेवांगरची टोळी आहे. ऑस्कर डिर्लेवांगर हा स्वतःच एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराबद्दल सजा भोगलेला. १९४० साली चोरून शिकार करणाऱ्या कैद्यांची एक तुकडी करून तिचे आधिपत्य त्याला देण्यात आले. पुढे तीत अट्टल गुन्हेगारांची भर पडत गेली. बेलोरशियातील खेडी माणसांसकट जाळणे आणि ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सा शहराच्या वोला भागात हजारो निःशस्त्र स्त्रीपुरुषांची, मुलांची कत्तल करणे, ही या तुकडीची कामगिरी. या लोकांना दरीत उतरविले, मृत्यूच्या तोंडी दिले, तरी त्यांच्यातून वीर निपजले नाहीत. संकटाने माणूस उजळतो असे आपण सहज म्हणतो. परंतु संकट हे केवळ भट्टी आहे. तीत काय घातले आणि कशासाठी घातले यावर काय बाहेर पडणार ते ठरते.

हे सारे दूरदेशीचे झाले. आपल्या देशातही या इतिहासाचे एक पान आहे आणि ते फारसे उघडले जात नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, रणभूमीवर भारतीय सैन्याची पराकाष्ठेची हानी झाली. कूट-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेली सहावी पुणे डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजी शत्रूच्या स्वाधीन झाली. उपासमारीने खंगलेल्या त्या सैन्यात मराठा पलटणींचे शिपाईही होते. या वार्तेनंतर बसऱ्याला जावयास मजूर मिळेनात. तेव्हा सरकारची दृष्टी तुरुंगांकडे वळली. १९१६ च्या अखेरीपासून हिंदुस्थानातील निरनिराळ्या कारागृहांतील सुमारे १६ हजार कैदी हमालीच्या आणि मजुरीच्या पथकांत भरती करून मेसोपोटेमियात नेण्यात आले. नीट नोकरी केली तर उरलेली शिक्षा माफ, हा करार.

त्यांच्या हाती बंदूक नव्हती. बंदरात गलबतांवरील माल उतरविणे, रस्ते आणि लोहमार्ग यांसाठी माती खोदणे, छावण्यांची सफाई करणे हे त्यांचे काम. परक्या देशातील ऊन आणि रोगराई हे त्यांचे शत्रू. त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही, पोवाडा रचला गेला नाही. तुरुंगातून निघून ते समुद्रापलीकडे गेले. काही मुक्त होऊन परत आले, काही तेथेच राहिले. त्यांच्या गावी त्यांचे स्वागत कैदी म्हणून झाले असेल की लढाईवरून आलेला माणूस म्हणून, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.

ही सारी उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते. रोममध्ये, मॉस्कोत, बर्लिनमध्ये, डेट्रॉइटमध्ये आणि हिंदुस्थानच्या तुरुंगांतही, कैद्याची लायकी बदलली ती त्याच्यात काही पालट झाला म्हणून नव्हे. राज्यसत्तेला माणसे कमी पडली म्हणून ती बदलली. कालचा अपात्र आज पात्र होतो, कारण आज खंदकात जागा रिकामी आहे. आणि अशा माणसाला पाठविण्यात सत्तेला आणखी एक सोय असते : तो परत आला नाही तर त्याचा जाब विचारावयास फारसे कोणी येत नाही.

हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. २०२२ साली युक्रेनशी युद्ध चालू असता रशियात वॅग्नर या खाजगी लष्करी संघटनेचा प्रमुख येवगेनी प्रिगोझिन तुरुंगातुरुंगातून फिरला आणि सहा महिने आघाडीवर लढा व मुक्त व्हा, असा सौदा त्याने कैद्यांपुढे ठेवला. सुमारे ५० हजार कैदी आपण घेतले आणि त्यांतील पाचवा हिस्सा मेला, असे त्याने मे २०२३ मध्ये स्वतःच्या तोंडाने सांगितले. पुढे मे २०२४ मध्ये युक्रेननेही काही प्रकारच्या कैद्यांना सैन्यसेवेच्या अटीवर सोडण्याचा कायदा केला. दोन्ही देशांचे न्यायाचे पारडे सारखे आहे असे मला सुचवावयाचे नाही. एक आक्रमण करणारा, दुसरा स्वतःचा बचाव करणारा. परंतु माणसे कमी पडली म्हणजे डोळे तुरुंगाच्या दाराकडे वळतात, हा नियम दोन्हीकडे दिसला.

मराठी मनाला मात्र कैद्यांच्या गोष्टीत बारा हा आकडा ऐकला की दुसराच एक चित्रपट आठवतो. १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची. तिला आधार औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली सुरू झालेल्या स्वतंत्रपूरच्या मुक्त वसाहतीचा. तेथे बेड्या नव्हत्या, उंच भिंती नव्हत्या. कैद्यांनी शेती करावी आणि विश्वासाने राहावे, असा प्रयोग औंधच्या राजेसाहेबांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश मित्राच्या साहाय्याने मांडला होता. चित्रपटात सहा खुनी कैदी आहेत, म्हणजे बारा हात. आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे एका तुरुंगाधिकाऱ्याचे दोन डोळे. मोहीम येथेही आहे. पण ती शत्रूच्या गढीवर नाही, एका उजाड माळावर आहे. हत्यार म्हणून हाती कुदळ आहे.

दोन्ही कथांत कैदी बाहेर पडतात, दोन्हींत त्यांच्यापुढे कठीण काम आहे, दोन्हींत एक अधिकारी त्यांच्यावर भिस्त ठेवतो. मग फरक कोठे पडला? मेजर रायझमनच्या कैद्याला माफी मिळवावयाची तर मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन यावे लागते. बहुधा तो येत नाही, आणि कथेचा हिशेब आपोआप पुरा होतो. स्वतंत्रपूरच्या कैद्याला मात्र उद्या सकाळी पुन्हा उठून पेरलेल्या वाफ्याला पाणी घालावयाचे असते. मरून निष्कलंक होणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. जगून निष्कलंक होण्यास वर्षे लागतात, आणि त्याला साक्षी असलेल्या समाजालाही तितकाच धीर लागतो.

तेव्हा पुन्हा केव्हा तो युद्धपट पडद्यावर दिसला तर अवश्य पाहावा. ली मार्विनच्या डोळ्यांतील जरब पाहण्यासारखी आहे. तो स्वतः १९४४ मध्ये सायपान बेटावर जखमी झालेला खरा सैनिक होता. परंतु कैद्यांची रांग विमानात चढू लागली म्हणजे घटकाभर फ्रान्समधल्या त्या भिंतीआडच्या स्मशानाचे स्मरण करावे. तेथे दगड आहेत, दगडांवर क्रमांक आहेत, आणि त्यांच्यापाशी कोणताही मेजर कधी नकाशा घेऊन आलेला नाही.